तुमचा प्रश्न : साथ गेली, लोकेशन चालूच

प्रश्न : मॅडम, माझा मुलगा गोकुळ शिरगावला एका कारखान्यात सुपरवायझर आहे. कोरोनात कंपनीनं सगळ्यांच्या फोनमध्ये एक ॲप घालायला लावलं, कोण कुठं जातो ते कळावं म्हणून. तेव्हा आम्हीच म्हणालो, घाल बाबा, घरात म्हातारी माणसं आहेत. आता ते हजेरीला वापरतात आणि रविवारीसुद्धा त्याचं लोकेशन घेतात. मुलगा कुरकुरतो. ह्यांचं म्हणणं, "आपण काय चोऱ्या करतो का? बघू देत की." मला मात्र २०२० ची ती यादी आठवते. पॉझिटिव्ह लोकांची नावं-नंबर गल्लीत व्हॉट्सॲपवर फिरले, त्यात माझी जाऊ होती. दूधवाल्यानं दूध बंद केलं. मी उगाच घाबरते का?
– एक वाचक, मंगळवार पेठ, कोल्हापूर

उत्तर : ताई, अजिबात उगाच नाही. यजमानांना एवढंच विचारा, जावेनं कुठं चोरी केली होती? दूध बंद झालंच ना.

मी त्या काळात आरोग्यसेविका होते. अहवाल पॉझिटिव्ह आला की त्या घरी जाऊन चौदा दिवसांत कोण कोण भेटलं याची यादी करायची, हाय रिस्क, लो रिस्क. शिवाजी पेठेतल्या एका आजोबांनी आधी फक्त मुलगा आणि सून सांगितली. दारात पोरं मोबाईल धरून उभी होती. मी दार लोटलं, वही मिटून मांडीवर ठेवली आणि म्हटलं, ही नावं गल्लीत जाणार नाहीत. मग तालमीजवळ पत्ते खेळायला बसणाऱ्यांची नावं एकेक करून निघाली. आजोबांना स्वतःची लाज नव्हती. आपल्यामुळं दुसऱ्याच्या दाराला पत्रे ठोकतील, हा घोर होता. त्या लोटलेल्या दारानं जे काम केलं, ते कुठल्या ॲपनं केलं नसतं.

आपली माणसं माहिती द्यायला नाखूष नव्हती. मार्च २०२० मध्ये डाव्या हातावर विलगीकरणाचे शिक्के मारून घेतले. २ एप्रिलला सरकारचं आरोग्य सेतू ॲप आलं, कोट्यवधींनी घेतलं. १ मेच्या केंद्राच्या आदेशानं ते नोकरदारांना सक्तीचं झालं आणि कुजबूज वाढली. १७ मेला ती भाषा मवाळ करावी लागली. शिवाय हे ॲप जवळ आलेले फोन ब्लूटूथनं टिपायचं, आणि ब्लूटूथ भिंतीतून आरपार जाऊ शकतं. आपल्या पेठांत दोन घरांत एकच भिंत, तिथं शेजारी महिनाभर एकमेकांना दिसले नाहीत तरी फोनच्या लेखी संपर्क होऊ शकतो.

तरी त्यातली एक गोष्ट मला मोलाची वाटते. ११ मेच्या नियमावलीत माहिती किती दिवस ठेवायची ते लिहिलेलं होतं, संपर्क आणि लोकेशनसाठी साधारणपणे १८० दिवसांपेक्षा जास्त नाही. पुढं ॲपमधली संपर्क शोधायची सोय बंद करून माहिती पुसल्याचं सरकारनं २०२३ मध्ये संसदेत सांगितलं. सिंगापुरात उलटं घडलं. तिथल्या ॲपची माहिती फक्त साथीसाठी, असं सांगून लोकांकडून घेतली आणि जानेवारी २०२१ मध्ये कळलं की पोलिसांनाही ती मिळू शकते. लोक चिडले, महिनाभरात गंभीर गुन्ह्यांपुरताच वापर, असा कायदा करावा लागला. पुढच्या साथीत आरोग्यसेविका दारात येईल तेव्हा लोक हे सगळं आठवूनच तोंड उघडतील किंवा मिटतील. मला खरी धास्ती त्याची आहे.

२०१७ मध्ये सुप्रीम कोर्टाच्या नऊ न्यायाधीशांनी खासगीपणा हा मूलभूत हक्क मानला. सरकारला त्यात हात घालायचा तर कायदा हवा, कारण रास्त हवं आणि गरजेपुरतंच घ्यायला हवं. निकाल सरकारबद्दलचा आहे, पण कंपनीलाही मी हेच माप लावीन. कारण साथीचं होतं, ते संपलं. हजेरीला कारखान्याचं गेट पुरतं, रविवारचा रंकाळा कशाला हवा?

मुलाला सांगा, फोनच्या सेटिंगमध्ये त्या ॲपचं लोकेशन 'फक्त वापरताना' यावर ठेव. एकट्यानं वाद घालू नये, नोकरीचा प्रश्न आहे. लाईनवरच्या चार-पाच जणांनी मिळून एचआरला लेखी विचारावं : कोरोनात घेतलेली माहिती अजून आहे का, कोण बघतं, कधी पुसणार, आणि सुट्टीच्या दिवशी लोकेशन कशासाठी? पत्र मराठीत चालेल. "बघतो" एवढ्यावर परत फिरू नका, दुसऱ्या प्रतीवर तारखेसकट पोच घ्या.