डी ला सोल या अमेरिकन रॅप ग्रुपचा पहिला अल्बम आत्ता ऐकला, ठीकठाक वाटला. 'निरुपद्रवी रॅप' म्हणून समीक्षकांनी त्याला उगाच डोक्यावर घेतलं होतं का?

उगाच नाही. 'थ्री फीट हाय अँड रायझिंग' १९८९ साली न्यूयॉर्कच्या 'व्हिलेज व्हॉइस' साप्ताहिकाच्या समीक्षकांच्या मतदानात पहिला आला हे खरं. पण आदल्या वर्षी तिथेच जहाल राजकीय रॅप करणारे पब्लिक एनिमी पहिले होते. निरुपद्रवीच हवं असतं तर त्यांना कोणी निवडलं असतं?

कौतुक मात्र भलत्याच गोष्टीचं झालं. मुखपृष्ठावर फुलं दिसली, की लावा हिप्पींचा शिक्का! कॉलेजात भित्तिपत्रकासाठी मी या अल्बमवर लिहिलं होतं. निर्माता प्रिन्स पॉलने 'आय नो' या गाण्यात स्टीली डॅन या रॉक बँडचं गाणं आणि गायक ओटिस रेडिंगची शीळ कशी एकजीव केली, यावर अर्धा लेख. उरलेला 'से नो गो'वर. नाचायला लावणारी चाल, खाली हॉल अँड ओट्स या पॉप जोडीच्या गाण्याचा तुकडा, आणि विषय क्रॅक कोकेनच्या व्यसनाचा. संपादक असलेल्या सीनियरने नेमका हाच भाग उडवला आणि मथळा दिला, 'रॅपमधले फुलवेडे'. वर मलाच ऐकवलं, "रॅप म्हणजे पब्लिक एनिमी. हा पोरखेळ आहे." म्हटलं, अरे, शब्द तरी ऐक! ऐकले नाहीत. अजूनही ऐकले नसणार.

खुद्द ग्रुपलाही तो शिक्का इतका खुपला की १९९१च्या अल्बमचं नावच 'डी ला सोल इज डेड', आणि मुखपृष्ठावर फुटकी कुंडी. 'द सोर्स' या हिप-हॉप मासिकाने त्याला पाचपैकी पाच माइक दिले.

तुम्हाला ठीकठाक वाटलं, कारण असे दहा ठिकाणचे तुकडे जोडणं पुढे सगळ्यांनीच केलं. त्यात सॅम्पल्सच्या, म्हणजे दुसऱ्यांच्या गाण्यांतून घेतलेल्या या तुकड्यांच्या, हक्कांच्या घोळामुळे हा अल्बम मार्च २०२३पर्यंत स्ट्रीमिंगवरच नव्हता; पुष्कळांनी आधी स्तुती वाचली, गाणी नंतर ऐकली. (सीडी मिळायच्या, मान्य.) तेव्हा समीक्षा बाजूला ठेवा, यातलं 'घेटो थँग' शब्दांकडे लक्ष देऊन ऐका, आणि मग कोणी फुलवेडे म्हटलंच तर त्याला माझ्याकडे पाठवा.

गाण्यांमधली ती गेम शोची नाटुकली मात्र खुशाल पुढे ढकला. दुसऱ्यांदा ऐकवत नाहीत. तेवढ्या एका मुद्द्यावर सीनियरचं आणि माझं तेव्हाही जमलं होतं.