स्ट्रेस इकोत ईएफ मोजताना

स्ट्रेस इको म्हणजे श्रमानंतर केलेली हृदयाची सोनोग्राफी. नवीन आहेस म्हणून आधीच सांगते: ईएफच्या, म्हणजे दर ठोक्याला डावा व्हेंट्रिकल (हृदयाचा खालचा डावा कप्पा) त्यातलं किती टक्के रक्त बाहेर टाकतो त्याच्या, आकड्यामागे लगेच धावू नकोस. पेशंट ट्रेडमिलवरून उतरला की त्याला डाव्या कुशीवर घे आणि ६० ते ९० सेकंदांत सगळे व्ह्यू (वेगवेगळ्या कोनांतली चित्रं) उरक. त्यानंतर ठोके उतरतात आणि श्रमामुळे भिंतीच्या हालचालीत आलेला दोष नजरेआड होऊ शकतो. म्हणून विश्रांतीच्या वेळीच प्रोबची (छातीवर टेकवायच्या सोनोग्राफीच्या दांड्याची) जागा पक्की करून ठेव.

खरी गोम एपिकल व्ह्यूत, म्हणजे हृदयाच्या टोकाकडून घेतलेल्या चित्रात आहे. पेशंटला धाप लागलेली असते, फुफ्फुस मध्ये येतं, प्रोब थोडा वर सरकतो आणि डावा व्हेंट्रिकल आखूड दिसतो. टोक गोलसर आणि जास्तच जोमाने आकसताना दिसलं, तर एक फासळी खाली जा. आखूड चित्रावर सिम्पसन पद्धतीने (पोकळीची कड आखून घनफळ मोजून) काढलेला ईएफचा आकडा फसवा असतो. त्यापेक्षा नजरेचा अंदाज बरा. लागून असलेले दोन सेगमेंट (भिंतीचे भाग) दिसत नसतील तर कॉन्ट्रास्ट (शिरेतून देऊन पोकळीची कड स्पष्ट करणारं द्रव्य) मागायला अजिबात कचरू नकोस.

चांगल्या हृदयात श्रमानंतर ईएफ वाढतो, आकुंचनानंतरची पोकळी लहान होते. ती उलट मोठी झाली, तर डॉक्टरांना तिथल्या तिथे सांग. आणि एकूण ईएफ उत्तम असूनही एखादी भिंत आकसण्यात मागे राहू शकते, तेव्हा प्रत्येक भिंत वेगळी बघ.