घर लहान असेल तर व्हिडिओ कॉलवर प्रोफेशनल कसं दिसायचं?

दोन खोल्यांच्या घरातून काम करताना कोणता कॅमेरा घ्यावा आणि मागे काय दिसू द्यावं, असं तुम्ही विचारलंय. कॅमेऱ्याचं नंतर सांगते. मागे काय दिसावं यावर मला आधी बोलायचंय.

आम्ही नाशिकला सिडकोत राहतो. मार्च 2020 मध्ये लॉकडाऊन लागलं तेव्हा घरात सासू-सासरे, आम्ही दोघं आणि मुलगी. टेबल मावेल असा एकच कोपरा, आणि तिथे माझ्या पाठीमागे गाद्यांची चळत, वर गोधड्या. दुसऱ्याच आठवड्यात मॅनेजर सगळ्या टीमसमोर म्हणाले, "मॅडम, मागचा पसारा हटवा, प्रोफेशनल वाटत नाही." पसारा! सासूबाई रोज सकाळी त्या गोधड्या काठाला काठ जुळवून रचतात. त्या ओट्यापाशी होत्या, आवाज स्पीकरवर होता. दुसऱ्या दिवशी मी उठायच्या आत त्यांनी एकटीने सगळ्या गाद्या गॅलरीत नेऊन ठेवल्या होत्या. गुडघे दुखत असताना. संध्याकाळी मी त्या परत आणल्या. हे मला अजून खुपतं.

मग व्हर्च्युअल बॅकग्राऊंड, म्हणजे खरी खोली झाकणारं खोटं चित्र लावलं, पुस्तकांच्या कपाटाचं. लॅपटॉप जुना, आणि माणूस कापून वेगळा काढायचं काम प्रोसेसरला सतत करावं लागतं. क्लायंटच्या डेमोत पंखा घरघरू लागला, आवाज तुटायला लागला, हात हलवला की बोटं गायब. क्लायंटने तीनदा "पुन्हा सांगा" म्हटल्यावर मी ते बंद केलं आणि गोधड्यांसकट डेमो पुरा केला. काम मिळालं. गोधड्यांबद्दल कुणी अवाक्षर काढलं नाही.

त्या दिवसापासून माझं मत पक्कं आहे: समोरच्याला तुमचा चेहरा नीट दिसावा आणि शब्द नीट ऐकू यावा, बाकीचा आग्रह म्हणजे लहान घराची लाज वाटायला लावणं. खिडकी पाठीमागे असेल तर कॅमेरा त्या उजेडाप्रमाणे जुळवून घेतो आणि तुमचा चेहरा काळा पडतो, म्हणून टेबल फिरवून खिडकीकडे तोंड करा. लॅपटॉपखाली दोन पाट ठेवा, कॅमेरा डोळ्यांच्या रेषेत येतो. बोलताना कॅमेऱ्याकडे बघा. वायरचे इअरफोन घ्या, कुकरची शिट्टी तरी कमी जाईल. ट्यूबलाइटखाली चित्रात पट्टे सरकत असतील तर कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये 60 ऐवजी 50 हर्ट्झ निवडा, आपली वीज 50 ची आहे. राउटरला छोटा बॅटरी बॅकअप हवाच. मुख्य बोलणं तुमचं असताना लाइट गेली तर कुठलाही ब्लेझर उपयोगाचा नाही.

कॅमेरा? लॅपटॉपमधला चालतो. उजेड नीट करून आठवडाभर बघा, तरीही धूसर वाटला तरच 1080पी चा, म्हणजे जास्त स्पष्ट चित्राचा, वेगळा वेबकॅम घ्या. रिंगलाइट, म्हणजे चेहऱ्यावर उजेड पाडणारा गोल दिवा, मी घेतला नाही.

एक मात्र कबूल करते. इंटरव्ह्यूला समोरचा माणूस अनोळखी असतो आणि तो काय बघून मत बनवेल ते आपल्या हातात नसतं. पुढे नोकरी बदलताना मीही गाद्यांवर साधी पांढरी चादर टाकली होती. सासूबाईंना विचारून, आणि का टाकतेय ते सांगून.