नाक आणि नाशिक

प्रश्न : लक्ष्मणाने शूर्पणखेची नासिका येथे कापली म्हणून गावाचे नाव नासिक पडले, असे आमच्याकडे परंपरेने सांगतात. मग मराठीतील ‘नाक’ हा शब्दही ‘नासिका’ याच शब्दाची झीज होऊन तयार झाला आहे काय?
– एक वाचक, पंचवटी, नाशिक

उत्तर : अर्थ एक आणि आरंभीचे अक्षरही एक, त्यामुळे तसे वाटणे स्वाभाविक आहे, पण ध्वनिबदलाचे नियम या व्युत्पत्तीला साथ देत नाहीत. दोन स्वरांमधला एकटा ‘क’ मराठीची पूर्वज असलेल्या महाराष्ट्री प्राकृतात बहुधा लोप पावतो, म्हणून ‘नासिका’चे तेथे ‘णासिआ’ होते. त्यातला ‘स’ जाऊन नेमका ‘क’ तेवढा उरावा, हे संभवत नाही. मराठी शब्दाच्या शेवटी टिकलेला ‘क’ सहसा जोडाक्षरातून आलेला असतो : संस्कृत चक्र, प्राकृत चक्क, मराठी चाक. कर्ण–कण्ण–कान आणि हस्त–हत्थ–हात हीही त्याच वाटेची उदाहरणे. पंजाबीने ही जुनी द्वित्ते, म्हणजे दुहेरी व्यंजने, अजून जपली आहेत. तेथे हत्थ, कन्न आणि नक्क असेच म्हणतात. तेव्हा आपल्या ‘नाक’चा पूर्वज ‘नक्क’ होय. प्राकृतात ‘णक्क’ प्रत्यक्ष आढळतो आणि बाराव्या शतकात प्राकृताचा व्याकरणकार हेमचंद्र याने त्याची नोंद देशी, म्हणजे संस्कृतातून सरळ साधता न येणाऱ्या, शब्दांत केली आहे. नाक या अर्थाच्या संस्कृत ‘नस्’ला ‘क’ प्रत्यय लावून ‘नस्क’ कल्पावा, तर ‘स्क’चा सामान्यतः ‘क्ख’ होतो आणि मराठीत ‘नाख’ मिळाले असते. ती तडजोड मला पटत नाही.

गावाच्या नावाची गोष्ट निराळी. कथा बाजूला ठेवली तरी हे नाव फार जुने आहे : पांडवलेण्यांतील सातवाहन राजा कण्ह याच्या काळच्या लेखात ते ‘क’सह कोरलेले आहे. तीर्थक्षेत्राचे नाव पोथ्यापुराणांतून सतत उच्चारले गेल्याने तो ‘क’ पुढेही टिकला असावा. ‘इ’पूर्वीच्या ‘स’चा ‘श’ मात्र मराठीच्या सवयीने झाला, जसे सीमाचे शीव.

‘नासिका’च्या कुळातला घरगुती शब्द हवाच असेल, तर तो ‘नथ’. नाकात पाडलेले भोक म्हणजे संस्कृतात नस्ता, प्राकृतात णत्था. नियमाने मराठीत ‘नाथ’ व्हायला हवे होते आणि हिंदीत बैलाच्या वेसणीला तसे म्हणतातही; दागिन्याचे नाव मात्र दोन्ही भाषांत ‘नथ’च राहिले.