वाचकांचे प्रश्न : शिकागोचे नगरसेवक करायचे तरी काय?

मागच्या अंकात शिकागो शहर चिखलातून वर उचललं गेलं त्याची हकीकत दिली होती. १८५५ नंतर गटारं टाकण्यासाठी तिथल्या कौन्सिलने रस्त्यांची पातळी वाढवली आणि मग पक्क्या इमारतीसुद्धा स्क्रू-जॅक लावून उचलाव्या लागल्या. त्यावर नागपूरकर वाचकांनी सगळ्यात जास्त विचारलं ते सभागृहाबद्दल: हे ठरवायचं कोण, पैसा कोण द्यायचं, आणि रोजचं कामकाज चालायचं कसं? निवडक प्रश्नांना उत्तरं देत आहोत.

प्रश्न : आमच्याकडे महालातल्या टाउन हॉलमध्ये आमसभा भरते, विषयपत्रिका येते, उत्तर द्यायला आयुक्त असतात. तिकडे १८५०च्या आसपास एका सभेत नेमकं काय व्हायचं? आयुक्त असायचा का? (महाल)

आयुक्त नव्हता. राज्य सरकारने पाठवलेला अधिकारी शहर चालवतो ही पद्धत तिथे नव्हतीच. पगारी तज्ज्ञ नेमून त्याच्याकडे कारभार सोपवायची कल्पना अमेरिकेत विसाव्या शतकातली आहे. व्हर्जिनियातल्या स्टाँटन शहराने ती १९०८ मध्ये पहिल्यांदा अमलात आणली. त्याआधी नगरसेवक, म्हणजे आल्डरमन, समित्या करून स्वतःच खाती सांभाळायचे. रस्ते व गल्ल्या, अर्थ, आग व पाणी, शाळा, परवाने, नुकसानभरपाईचे दावे अशा समित्या असत. सभासद दुकानदार, वकील, लाकडाचे व्यापारी असे असायचे, त्यामुळे सभा बहुधा संध्याकाळी भरे. वकिली करणारे अब्राहम लिंकनसुद्धा १८३९ मध्ये इलिनॉयतल्या स्प्रिंगफील्डच्या नगर विश्वस्त मंडळावर निवडून गेले होते.

सभेचा क्रम साधारण असा : हजेरी, मागचं इतिवृत्त, नागरिकांचे अर्ज, अधिकाऱ्यांचे अहवाल, देयकं, समित्यांचे अहवाल आणि शेवटी नवे उपविधी, म्हणजे शहरापुरते कायदे. सगळ्यात मोठा ढीग अर्जांचा. अर्ज म्हणजे हाताने लिहिलेला एक कागद, खाली शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या सह्या, लिहिता न येणाऱ्याच्या नावापुढे फुली. क्लार्क तो उभा घडी घालून चिंचोळी पट्टी करायचा आणि बाहेरच्या बाजूवर शेरा मारायचा : कोणाचा अर्ज, कशासाठी, तारीख, कोणत्या समितीकडे. पुढच्या सभेत समितीचं मत त्याच घडीवर उमटायचं. 'मान्य', 'अमान्य', 'टेबलावर ठेवावा' किंवा 'दप्तरी दाखल'. शेवटचे दोन शेरे दिसले की बहुतेक वेळा तो विषय संपला असं समजावं.

उपविधीचं तीनदा वाचन व्हायचं. घाई असेल तर जादा बहुमताने नियम बाजूला ठेवून एकाच रात्री तिन्ही वाचनं उरकत. मग मेयरची सही आणि त्यानंतर शहराच्या ठरलेल्या वृत्तपत्रात प्रसिद्धी. ती झाल्याशिवाय उपविधी लागू होत नसे. म्हणूनच शहराची छपाई कोणत्या पेपरला द्यायची यावर दरवर्षी जोरात भांडणं होत. बोस्टनसारख्या शहरात तर दोन सभागृहं होती. १८२२च्या सनदेनुसार तिथे ८ आल्डरमन आणि ४८ जणांचं कॉमन कौन्सिल. एकाने मंजूर केलेलं दुसऱ्याने अडवलं की कागद महिनोन्‌महिने या दालनातून त्या दालनात फिरत राही.

प्रश्न : आमच्या लेआउटला एनआयटीची (नागपूर सुधार प्रन्यासची) डिमांड, म्हणजे विकास शुल्क, भरल्याशिवाय रस्ता नाही, गडर लाइन नाही. अमेरिकेतही रस्त्याचा पैसा प्लॉटवाल्याकडूनच घेत का? (दिघोरी)

हो, आणि तुमच्या डिमांडपेक्षाही थेट. एकोणिसाव्या शतकातलं अमेरिकन शहर समजून घ्यायचं तर या एका गोष्टीवर वेळ घालवावा, कारण कौन्सिलचं निम्मं कामकाज हिच्याभोवती फिरतं. याला खास आकारणी म्हणत. तत्त्व साधं : रस्ता, फुटपाथ किंवा गटार झाल्याने ज्याच्या जागेची किंमत वाढते त्याने खर्च द्यावा. सगळ्या शहराच्या घरपट्टीतून तो करायचा नाही.

पायऱ्या अशा. गल्लीतले मालक अर्ज करतात. बऱ्याच ठिकाणी नियम असा की निम्म्याहून जास्त फ्रंट (प्लॉटची रस्त्याला लागलेली बाजू) ज्यांच्या मालकीचा आहे त्यांच्या सह्या हव्यात. इथे डोकी मोजत नसत, फूट मोजत. एका बड्या मालकाची १५० फुटांची सही शेजारच्या पाच २५-फुटी प्लॉटवाल्यांना भारी पडे. भाडेकरूचा तर यात प्रश्नच नव्हता. अर्ज रस्ते समितीकडे जातो. समितीचे सभासद जागा बघतात. कौन्सिल हुकूम काढतं. तीन तटस्थ माणसं आकारणीसाठी नेमली जातात. ती प्लॉटनिहाय यादी करतात, यादी वृत्तपत्रात छापली जाते, हरकतींसाठी मुदत मिळते, मग कौन्सिल यादी कायम करतं आणि वसुलीचा हुकूम निघतो.

हिशेब समजायला आकडे धरून बघू. गल्लीची एक बाजू ३०० फूट, लाकडी फुटपाथचा खर्च ३६० डॉलर. फुटाला १ डॉलर २० सेंट. २५ फुटांच्या प्लॉटला ३० डॉलर. ज्या काळात मजुराचा रोज साधारण एक डॉलर होता, त्या काळात ही महिनाभराची कमाई झाली. कोपऱ्याच्या प्लॉटला दोन्ही रस्त्यांचा फ्रंट लागतो, म्हणून हरकतींच्या ढिगात कोपऱ्यावरचे मालक हटकून सापडतात. चौकातला तुकडा कोणाच्याच दारापुढे येत नाही. तो खर्च बऱ्याच शहरांत सर्वसाधारण निधीतून होई, आणि तिथेच काम रखडे. ज्याने पैसे भरले नाहीत त्याचा प्लॉट थकबाकीपोटी विक्रीला निघे, ठरावीक मुदतीत व्याजासह पैसे भरून तो सोडवता येई.

काय बिघडायचं? एक तर विरोधी अर्ज. समोरच्या बाजूचे मालक तितक्याच सह्या गोळा करून 'आम्हाला नको' म्हणत. दुसरं, दूरच्या शहरात बसलेला प्लॉटचा सट्टेवाला, ज्याचा पत्ताच लागत नाही. आणि तिसरं म्हणजे लाकूड. लांबीच्या दिशेने वासे टाकून त्यांवर आडव्या पाइनच्या फळ्या खिळ्यांनी ठोकत. वासे ओल्या मातीवर टेकलेले, खालून वारा नाही, म्हणून वरून फुटपाथ चांगला दिसत असताना वासा आतून कुजून जाई. मग खिळ्याला पकड राहत नाही, फळीच्या टोकावर पाय पडला की दुसरं टोक उचलतं. पडलेला माणूस भरपाईचा दावा लावतो, तो दावे समितीकडे जातो. शिकागोत पातळी वाढवताना तर एका घरापुढचा फुटपाथ उंच आणि शेजारचा जुन्याच पातळीवर, त्यामुळे चालताना सतत जिने चढा-उतरायचे.

या पद्धतीने निम्म्याहून जास्त फ्रंटच्या मालकांच्या संमतीशिवाय गल्लीवर बोजा टाकणं अवघड झालं, हे खरं. पण जिथे मालक गरीब किंवा बेफिकीर, तिथे वर्षानुवर्षं चिखलच राहिला. पाणी आणि मैला यांत वस्त्यांवस्त्यांतला हा भेद जिवावर बेततो, आणि आमच्या मते पद्धतीचा हा दोष तिच्या सगळ्या गुणांपेक्षा मोठा होता.

प्रश्न : मोकाट डुकरांचा प्रश्न तिथेही होता म्हणतात. त्यांनी तो कसा सोडवला? (इतवारी)

उपविधी करून सुटला नाही. जवळजवळ प्रत्येक शहराने मोकाट डुकरांविरुद्ध नियम केले, रद्द केले, परत केले. पद्धत आपल्या कोंडवाड्याचीच : जनावर पकडून आणायचं, नोंद करायची, मालकाने दंड आणि रोजच्या चाऱ्याचा खर्च भरून सोडवायचं, न सोडवल्यास लिलाव. कोंडवाडेवाल्याला पगार नसून फीमधला वाटा मिळे, त्यामुळे तो लोकांच्या अंगणातून डुकरं ओढून नेतो अशा तक्रारी येत. दंड माफ करा म्हणून अर्ज येत, आणि त्या वॉर्डाचा आल्डरमन ते पुढे रेटी.

नियम टिकेना, कारण डुक्कर ही गरीब घराची बचत होती. रस्त्यावरचा कचरा खाऊन फुकटात वाढायचं आणि हिवाळ्यात मांस मिळायचं. शिवाय कचरा उचलायची नियमित व्यवस्था नव्हती, ते काम डुकरंच करत होती. न्यूयॉर्कमध्ये १८२०-३०च्या दशकांत डुकरं पकडून नेणाऱ्या गाड्यांवर गल्लीतल्या बायाबापड्यांनी चाल करून जनावरं सोडवून नेली. १८४९च्या कॉलऱ्यात मात्र पोलिसांनी हजारो डुकरं दाट वस्तीतून उत्तरेकडे हाकलली.

प्रश्न : रस्त्यावरचे दिवे? (धरमपेठ)

बाल्टिमोरने १८१७ मध्ये पहिला गॅसचा दिवा लावला. पुढे शहरं गॅस कंपनीशी दिव्यामागे वार्षिक दराने करार करत. पैसा वाचवायला चांदण्याचं वेळापत्रक असे : पंचांगात चंद्र आहे, त्या वेळी दिवे लावायचे नाहीत. आभाळ भरून आलं तरी करार तो करार, सगळं गाव अंधारात. या तक्रारी इतिवृत्तांत भरपूर आहेत.

प्रश्न : दारूच्या परवान्यांवरून शिकागोत दंगल झाली होती का? (सीताबर्डी)

झाली होती, २१ एप्रिल १८५५ रोजी. एरवी परवाना हे अगदी चाकोरीतलं काम : अर्ज, दोन जामीनदार, हमीपत्र, खजिन्यात फी, मग क्लार्कचा कागद. मेयर लेव्ही बून यांच्या कारकिर्दीत फी ५० डॉलरवरून ३०० वर नेली, परवान्याची मुदत तीन महिन्यांवर आणली आणि रविवारी दुकान बंदचा जुना नियम कडक केला. फटका बसला तो जर्मन आणि आयरिश वस्त्यांतल्या छोट्या दुकानदारांना. त्यांची धरपकड झाली, खटल्याच्या दिवशी जमाव कोर्टावर चालून गेला, गोळीबार झाला. पुढच्याच वर्षी बून यांच्या पक्षाची सत्ता गेली. 

प्रश्न : मग लाचखोरी नेमकी कुठे व्हायची? फुटपाथमध्ये की मोठ्या कामांत? (धंतोली)

मुख्यतः रस्ता वापरायच्या हक्कात. ट्राम, गॅस, वीज, टेलिफोन या सगळ्यांना सार्वजनिक रस्ता हवा आणि तो द्यायचा अधिकार कौन्सिलचा. शिकागोत १८९०च्या दशकात आल्डरमनला सभेमागे ३ डॉलर मिळत. समोर मागणी मात्र कोट्यवधींच्या धंद्याची. न्यूयॉर्कमध्ये १८८४ मध्ये ब्रॉडवेवरच्या ट्रामचा हक्क देताना आल्डरमननी पैसे खाल्ले. खटले झाले, काही जण कॅनडात पळाले. शिकागोत ट्राम कंपन्या चालवणारे धनिक चार्ल्स यर्क्स यांना ट्रामसाठी ५० वर्षांची मुदत हवी होती. राज्याने १८९७ मध्ये तसा कायदा करून दिला, पण १८९८च्या अखेरीस लोकांच्या दबावापुढे कौन्सिलने ती मुदत दिली नाही आणि १८९९ मध्ये कायदाच रद्द झाला. करार वाचताना तीन गोष्टी बघाव्यात : मुदत किती, शहराला दरवर्षी मोबदला किती, आणि रुळांच्या मधला रस्ता दुरुस्त कोणी करायचा. वाईट करारांत तिसरं कलम बहुतेक वेळा मोघम असतं.

प्रश्न : नागपूरची नगरपालिका १८६४ची. ती इंग्रज सरकारच्या मुठीत होती. अमेरिकन शहरं तरी स्वतंत्र होती ना? (सक्करदरा)

वाटतं तितकी नव्हती. शहर म्हणजे राज्याच्या विधिमंडळाने सनद देऊन घडवलेली संस्था, आणि दिलेली सनद विधिमंडळ बदलूही शकतं. आयोवाचे न्यायमूर्ती जॉन डिलन यांनी १८६८ मध्ये नियम घालून दिला : सनदेत स्पष्ट दिलेले, त्यांतून ओघाने येणारे आणि संस्थेच्या हेतूसाठी अनिवार्य असलेले, एवढेच अधिकार शहराला, शंका आली तर निकाल शहराविरुद्ध. १८५७ मध्ये राज्याने न्यूयॉर्क शहराचं पोलीस खातंच काढून घेतलं. मेयर फर्नांडो वुड यांनी जुनं खातं सोडलं नाही, तेव्हा दोन पोलीस दलं सिटी हॉलच्या पायऱ्यांवर एकमेकांशी भिडली. फरक इतकाच की ते विधिमंडळ तरी मतदारांनी निवडलेलं होतं.

प्रश्न : इतिहासात एम.ए. करते आहे. शिकागोचं दप्तर १८७१च्या आगीत जळालं ना? मग अभ्यास कशावर करायचा? (विद्यार्थिनी, नागपूर विद्यापीठ)

बरंच जळालं, पण १८३३ ते १८७१ या काळातली कौन्सिलची मूळ कागदपत्रं वाचली होती. ती १९८०च्या दशकात महापालिकेच्या गोदामात सापडली आणि इलिनॉय राज्याच्या अभिलेखागाराने त्यांची सूची केली. सुरुवात उपविधींच्या छापील पुस्तकापासून करू नका. त्यात फक्त मंजूर झालेलं असतं. एकच रस्ता निवडा. त्याच्यावरचे सगळे अर्ज, विरोधी अर्ज, समितीचे अहवाल आणि आकारणी यादी तारखेने लावा. अर्जावरची नावं आकारणी यादीशी ताडून बघा, म्हणजे सही करणारा किती फुटांचा मालक होता ते कळेल. नाव यादीत नसेल तर तो भाडेकरू असण्याचा संभव मोठा. त्याचा अर्ज कितपत टिकला हे मग घडीवरचा शेरा सांगेल. डॉलरचे आकडे उतरवून घेताना रक्कम रोख आहे की शहराने काढलेली चिठ्ठी, तेही टिपा. १८३७च्या मंदीनंतर शिकागोने अशा चिठ्ठ्यांवर देणी भागवली होती, आणि असल्या चिठ्ठीला बाजारात पूर्ण किंमत मिळत नसे. ठेकेदार मग दर चढवूनच लावत, त्यामुळे एकाच कामाचे दोन सालचे भाव थेट शेजारी मांडता येत नाहीत.