वाचकांचे प्रश्न : पिअरी उत्तर ध्रुवावर पोचला होता का?

प्रश्न : आमच्या शाळेच्या प्रश्नमंजूषेत 'उत्तर ध्रुवावर सर्वप्रथम कोण पोचलं?' असा प्रश्न होता. छापील उत्तर 'रॉबर्ट पिअरी, १९०९'. सातवीतल्या एका मुलीनं 'पिअरीनं तसं सांगितलं, पण ते सिद्ध झालेलं नाही' असं लिहिलं. तिला शून्य मिळालं, पोर घरी जाऊन रडली. तुम्ही बोटीवर अधिकारी होतात. खरं काय ते सांगाल का?
– एक शिक्षिका, चिपळूण

उत्तर : बाई, त्या मुलीला पूर्ण गुण द्या, आणि ते सगळ्या वर्गासमोर द्या. तिनं लिहिलंय ते नेमकं बरोबर आहे.

आधी पिअरीचं म्हणणं बघू. अमेरिकन नौदलातला हा इंजिनिअर ५२ वर्षांचा होता. हिमदंशानं त्याच्या पायाची आठ बोटं आधीच गेली होती. १ मार्च १९०९ ला कॅनडाच्या उत्तर टोकावरच्या केप कोलंबियाहून तो निघाला. तिथून ध्रुव ४१३ सागरी मैलांवर. वाटेत सामान पोचवून एकेक तुकडी माघारी जायची. शेवटची तुकडी कॅप्टन बॉब बार्टलेटची. १ एप्रिलला परत फिरण्याआधी बार्टलेटनं स्वतः सूर्याची उंची मोजली आणि अक्षांश काढला : ८७ अंश ४७ मिनिटं. अक्षांशाचं एक मिनिट म्हणजे एक सागरी मैल, तेव्हा ध्रुव राहिला १३३ मैलांवर. मुलांना ही वजाबाकी फळ्यावर करायला लावा.

इथवरच्या प्रवासावर माझा पूर्ण विश्वास आहे, कारण इथवर मोजणारे डोळे एकाहून जास्त होते.

पुढे पिअरीसोबत राहिले त्याचा जुना सहकारी मॅथ्यू हेन्सन आणि ऊटा, सीग्लू, एगिंग्वा, ऊकेआ हे चार इनुइट, म्हणजे तिथल्या बर्फाळ प्रदेशाचे मूळ रहिवासी. बर्फावर कुत्र्यांची गाडी हाकण्यात या पाचांना तोड नव्हती. पण स्वतंत्रपणे साईट घेऊन, म्हणजे सूर्याची उंची मोजून जागा काढून, पिअरीचा आकडा पडताळील असा कुणीच उरला नाही. बार्टलेटला मागे का पाठवलंत, असं पुढे विचारलं गेलं, तेव्हा ज्यासाठी जन्मभर खपलो ते श्रेय अशा तरुणासोबत वाटून घ्यायला मी बांधील नव्हतो, अशा अर्थाचं उत्तर त्यानं दिलं. त्याचं दुःख मला कळतं. पण त्या एका निर्णयानं त्यानं स्वतःचा साक्षीदार गमावला.

आणि बार्टलेट वळल्याबरोबर वेग वाढला. त्याआधीच्या ३१ दिवसांत, खुल्या पाण्यापाशी अडकून पडलेले दिवस धरून, २८० मैल झाले होते. पुढचे १३३ मैल मात्र पाच मजलांत, तेही सरळ रेषेत! तिथलं बर्फ म्हणजे सपाट मैदान नव्हे. एकमेकांवर चढलेल्या लाद्या, मध्येच फाटलेलं पाणी, वळसे, आणि पायाखालचा सगळा पसारा प्रवाहाबरोबर सरकतोय. परतीत तो ध्रुवापासून बार्टलेटच्या तळापर्यंत अडीच दिवसांत आला म्हणतो. २००५ साली टॉम एव्हरी आणि मंडळींनी तशाच लाकडी गाड्या आणि कुत्री घेऊन हा प्रवास ३७ दिवसांच्या आत केला. पिअरीचे पाठीराखे हे उदाहरण हमखास देतात. पण सलग पाच दिवसांत त्यांना ९० मैलांच्या पुढे जाता आलं नाही, आणि परत ते विमानानं आले.

आता माझ्या धंद्यातली गोष्ट. समुद्रावर आम्ही सेक्स्टंट या कोन मोजायच्या उपकरणाच्या आरशांतून सूर्य खाली आणून क्षितिजाला टेकवतो आणि कोन वाचतो. ओबडधोबड बर्फावर क्षितिज धड मिळत नाही, म्हणून पसरट भांड्यात पारा ओततात. खरा सूर्य आणि पाऱ्यातला सूर्य एकमेकांना भिडवायचे आणि आलेला कोन निम्मा करायचा. पिअरीनं हे बर्फावर पालथं पडून केलं. ६ आणि ७ एप्रिल मिळून त्यानं १३ वेळा उंची मोजल्याचं सांगितलं.

पण ध्रुवावर एक विचित्र प्रकार असतो. तिथे सूर्य चढतही नाही, उतरतही नाही, एकाच उंचीवर गोल फिरतो. ती उंची किती? त्या वेळी नॉटिकल अल्मनॅकमध्ये, म्हणजे खलाशांच्या पंचांगात, सूर्याची जी क्रांती (विषुववृत्तापासून सूर्य किती अंश वर वा खाली आहे तो कोन) छापलेली असते, तेवढीच. ६ एप्रिलला सुमारे साडेसहा अंश, म्हणजे हात लांब करून धरलेल्या मुठीच्या उंचीपेक्षाही खाली. थोडक्यात, ध्रुवावरची साईट लिहायला ध्रुवावर जावं लागत नाही. अल्मनॅक जवळ असेल आणि त्यात हवेच्या वक्रीभवनाची दुरुस्ती करता येत असेल, तर ती घरी बसूनही लिहिता येते. पिअरीनं तसं केलं असं मी म्हणत नाही. पण नुसत्या त्या आकड्यांवरून दोन्हींतला फरक कळत नाही.

हे मी छातीठोकपणे सांगतो, कारण एकदा मी स्वतः ते केलंय. थर्ड ऑफिसर होतो, वय २३. अरबी समुद्रात जुलैतलं आभाळ, चार दिवस सूर्य नाही. पाचव्या दिवशीही दिसला नाही. मी चाल आणि दिशा यांवरून अदमासानं जागा काढली, तिच्यावरून उलटं गणित मांडून दुपारची 'साईट' तयार केली आणि वहीत लिहिली. आकडा इतका सुबक होता की मलाच बरं वाटलं. कॅप्टननी वही पाहिली आणि एवढंच विचारलं, "पोरा, मी अकरा वाजल्यापासून ब्रिजवर आहे. सूर्य कुठे होता?" मग त्यांनी मला खोडरबर वापरू दिला नाही. नियमाप्रमाणे एकच आडवी रेघ मारायला लावली, खालचं वाचता येईल अशी, शेजारी माझी सही. बोट आपल्या जागेवर सुखरूप होती, माझी जागाही फारशी चुकली नव्हती. तरी ती रेघ मला अजून दिसते.

म्हणून पिअरीच्या डायरीपाशी मी अडतो. १९८०च्या दशकात वॉली हर्बर्टला ती तपासायला मिळाली. हर्बर्ट स्वतः १९६९ साली कुत्र्यांच्या गाड्यांनी ध्रुवावर गेलेला, म्हणजे बर्फ जाणणारा माणूस. 'अखेर ध्रुव' ही नोंद त्याला सुट्या कागदावर दिसली, डायरीत घातलेल्या. ध्रुवावरच्या मुक्कामाची पानं कोरी. त्याआधी १९११ मध्ये अमेरिकन संसदेच्या समितीपुढे डायरी आली, तेव्हा ती इतकी स्वच्छ कशी, हा प्रश्न निघाला होता. आठवडेच्या आठवडे अंघोळ नाही, हाताला पेमिकन (सुकं मांस आणि चरबी यांचं खाणं), आणि पानांवर डाग नाही! शिवाय रेखांशाचं एकही मोजमाप त्यानं वाटेत घेतलेलं नाही. उत्तरेला किती गेलो हे अक्षांश सांगतो, पण डावी-उजवीकडे किती वाहवलो हे कोण सांगणार?

दुसऱ्या बाजूनं जे आहे तेही सांगतो. नॅशनल जिऑग्राफिक सोसायटीनं १९०९ मध्येच त्याचा दावा मान्य केला. पण या संस्थेनं मोहिमेला पैसे दिले होते, आणि तिच्या समितीनं उपकरणं पाहिली ती वॉशिंग्टनच्या रेल्वे स्टेशनवर, ट्रंक उघडून. १९८९ मध्ये त्याच्या फोटोंमधल्या सावल्या मोजून, तो ध्रुवाच्या पाचेक मैलांत होता, असा अहवाल नौकानयनतज्ज्ञांनी दिला. तो मी गंभीरपणे घेतो. पण सूर्याची उंची काढायला फोटोत रेखीव क्षितिज लागतं, आणि जुन्या धूसर फोटोंतून पाच मैलांची खात्री मला मिळत नाही. ध्रुवाजवळ त्यानं तार सोडून खोलीही मोजली. १५०० फॅदमवर, म्हणजे २७४३ मीटरवर, तळ लागला नाही. ध्रुवावर समुद्र ४००० मीटरहून खोल आहे, त्यामुळे हे मोजमाप जुळतं. पण तळ लागता तर तो खरा पुरावा झाला असता.

माझं मत विचाराल तर, तो ध्रुवाच्या बराच जवळ गेला आणि तिथे पोचला नाही. हे मत आहे. तुमच्या विद्यार्थिनीनं लिहिलं ती वस्तुस्थिती आहे.

प्रश्न : मग फ्रेडरिक कूक आणि विमानवाला बर्ड, यांचं काय?
– एक वाचक, मिरज

उत्तर : कूक या अमेरिकन डॉक्टरनं ध्रुवावर पोचल्याची २१ एप्रिल १९०८ ही तारीख सांगितली. कोपनहेगन विद्यापीठानं त्याची कागदपत्रं तपासून, यात पुरावा नाही, असं १९०९ च्या डिसेंबरातच ठरवलं. त्याआधी १९०६ मध्ये अलास्कातलं मॅकिन्ली शिखर चढल्याचा फोटो त्यानं दाखवला होता, तो भलत्याच एका छोट्या टेकाडावरचा निघाला. त्याच्यावर मी जास्त शाई खर्च करणार नाही.

रिचर्ड बर्डनं ९ मे १९२६ ला नॉर्वेच्या उत्तरेला असलेल्या स्पिट्सबर्गेन बेटावरच्या किंग्ज बेहून उड्डाण केलं आणि साडेपंधरा तासांत परतून ध्रुव गाठल्याचं सांगितलं. १९९६ मध्ये त्याच्या डायरीत खोडलेले, तरी वाचता येणारे सेक्स्टंटचे आकडे सापडले, आणि ते त्याच्या अधिकृत अहवालाशी जुळत नाहीत. तीनच दिवसांनी, १२ मे ला, नॉर्वेचा अमुंडसेन, अमेरिकेचा एल्सवर्थ आणि इटलीचा नोबिले 'नोर्गे' या हवाई जहाजातून ध्रुवावरून गेले. त्याबद्दल वाद नाही. बर्फावरून निर्विवाद पोचणारा पहिला राल्फ प्लेस्टेड, १९ एप्रिल १९६८, स्नोमोबाईलवरून. त्याची जागा अमेरिकन हवाई दलाच्या विमानानं वरून पडताळली. जाता जाता : त्याच किंग्ज बेच्या काठी, न्यू-ऑलेसुंडला, २००८ पासून आपलं 'हिमाद्री' संशोधन केंद्र आहे.

प्रश्न : मोबाईल नाही, जीपीएस नाही. त्या काळात कुणी कसं सिद्ध करणार? पिअरीकडून आपण जास्तच मागतोय का?
– अकरावीचा विद्यार्थी, नाशिक

उत्तर : नाही रे. पिअरीनंतर तीन वर्षांच्या आत, तशाच उपकरणांनी, ते करून दाखवलं गेलं.

अमुंडसेन १४ डिसेंबर १९११ ला दक्षिण ध्रुवावर पोचला. त्यानं पहिल्याच आकड्यावर भरवसा ठेवला नाही. तिघांना तीन दिशांना स्कीवरून लांबवर पाठवलं. हेतू हा की आपला हिशोब काही मैल चुकला असेल, तरी ध्रुव या घेऱ्यात यावा. मग चोवीस तास दर तासाला सूर्य मोजला. साईट घेणारे चार जण होते आणि त्यांनी एकमेकांच्या वह्यांवर सह्या केल्या. सही म्हणजे : मी पाहिलं, सूर्य होता.

निघताना त्यानं तिथे छोटा तंबू उभारला. आत नॉर्वेच्या राजाच्या नावे पत्र ठेवलं, आणि मागून येणाऱ्या ब्रिटिश स्कॉटला ते पोचवण्याची विनंती केली. म्हणजे साक्षीदार म्हणून त्यानं आपला प्रतिस्पर्धीच निवडला. स्कॉट १७ जानेवारी १९१२ ला पोचला, त्याला तंबू सापडला, आणि आपण हरलो हे त्यानं स्वतःच्या डायरीत लिहून ठेवलं. परतीच्या वाटेवर स्कॉट आणि त्याचे सोबती गेले. नोव्हेंबरात शोधपथकाला त्यांचा तंबू मिळाला, तेव्हा ते पत्र त्यांच्या सामानात होतं.