नाशिकमध्ये राहून समलिंगी जोडप्यांच्या हक्कांसाठी राजकीय पातळीवर नेमकं काय करता येईल?

मोर्चात जरूर जा, पण आधी खासदाराला गाठा. १७ ऑक्टोबर २०२३ ला सर्वोच्च न्यायालयाने समलिंगी विवाहाचा चेंडू संसदेकडे टोलवला. सुप्रिया सुळेंनी २०२२ मध्ये विशेष विवाह कायद्यात दुरुस्तीचं खासगी विधेयक मांडलं होतं, ते लोकसभेच्या मुदतीबरोबर बारगळलं. तसं पुन्हा आलं तर पाठिंबा देणार का, हे लेखी विचारा. (निफाड-येवल्याचे असाल तर तुमचा मतदारसंघ दिंडोरी, नाशिक नव्हे!) निवेदनाच्या दोन प्रती न्या, एकीवर पोचेचा शिक्का मारून घ्याच. नाहीतर कागद गेला गोदेत. आणि मागणी नेमकी ठेवा: ‘समान हक्क द्या’वर सगळे नुसत्या माना डोलावतात, ‘दवाखान्यात जोडीदाराची सही चालावी’ म्हटलं की हो-नाही बोलावं लागतं.